काळा डबा, करडा डबा आणि सुकन्याचं स्थळ

लग्न जमवायला पत्रिका लागत नाही, मध्यस्थ लागत नाही, फोटोसुद्धा लागत नाही. लागतात ते फक्त दोन रिमोट, असं प्रणेशचं ठाम मत होतं. रिमोट म्हणजे टीव्हीचे नव्हेत. व्हिडिओ गेमचे, जुने, वायरवाले! औरादच्या हायस्कुलात गणित शिकवणारा, चाळिशीला टेकलेला हा गृहस्थ लहानपणीचा गेमचा काळा डबा अजून कपाटात धुतलेल्या चादरीत गुंडाळून ठेवायचा. धाकट्या बहिणीला, सुकन्याला बघायला कलबुर्गीहून स्थळ येणार होतं आणि दिवस ठरवायला फोन केला तेव्हा मुलानंच, श्रीहरीनं, सहज विचारलं होतं की तुम्हाला जुन्या गेमची आवड आहे काय. प्रणेशला मोबाइल हातातून खाली ठेववेना. तारीख ठरवायची राहून गेली, ती पुन्हा फोन करून ठरवावी लागली.

एकच खोट निघाली. श्रीहरी हैदराबादच्या कंपनीचा कॉम्प्युटर इंजिनिअर, स्वभावानं शांत, दिसायला नीटस. पण तो करड्या डब्याचा निघाला.

ज्यांचं बालपण अभ्यासात वाया गेलं त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी मुलांचे दोन तट होते. काही घरांत काळा डबा असायचा, काही घरांत करडा, आणि एकाची कॅसेट दुसऱ्यात बसायची नाही. काळ्याचा हाणामारीचा गेम म्हणजे 'मिडनाइट मार्केट', करड्याचा 'डॉकयार्ड ब्रदर्स'. दोन्हींत दोन धडधाकट माणसं डावीकडून उजवीकडं चालत जातात आणि वाटेत भेटेल त्याला बडवतात. का बडवतात ते सुरुवातीला इंग्रजीत लिहून येतं, पण ते आजवर कुणी वाचलेलं नाही. तिऱ्हाईताला दोन्ही गेम एकच वाटतील. प्रणेशसमोर कुणी तसं म्हणालं तर तो माणूस त्याच्या मनातून कायमचा उतरत असे.

"माझ्यावर सोड," तो सुकन्याला म्हणाला. "अर्धा तास दोघं बसून खेळलो की मुलगा आपला."

सुकन्याला गेमशी देणंघेणं नव्हतं. ती जनावरांची डॉक्टर, ठाणाकुशनूरच्या सरकारी दवाखान्यात. आधीची स्थळं सगळी एकाच जागी अडकली होती. लग्नानंतर नोकरी सोडणार ना, असं मुलाकडचे विचारायचे, तिचे वडील अप्पा 'बघू' म्हणायचे आणि स्वयंपाकघरातून सुकन्याचं 'न्हाई' ऐकू यायचं. या वेळी मात्र मुलगा तिला आवडला होता. फोटोत तो एका कुत्र्याशेजारी उभा होता आणि कुत्रं त्याच्या अंगावर रेललं होतं. कुत्री उगीच कुणाच्या अंगावर रेलत नाहीत, असं तिचं डॉक्टरी मत.

"अण्णा, मला फक्त पाच मिनिटं त्यांच्याशी एकटं बोलू दे," ती म्हणाली. "जे विचारायचं ते माझं मी विचारते. तेवढं बघ."

"झालंच म्हणून समज," प्रणेश म्हणाला. त्याला अडवू शकणारी एकमेव व्यक्ती, म्हणजे त्याची बायको, मुलांना घेऊन उदगीरला माहेरी गेली होती.

रविवारी पाहुणे आले. श्रीहरी आणि त्याची आई मालतीबाई, दोघंच. मालतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातला. श्रीहरीच्या हातात एक जड पिशवी होती. मुलीसाठी काही आणलं असणार अशा समजुतीनं प्रणेशच्या आईनं पुढं होऊन रीतीप्रमाणे पिशवीतल्या वस्तूला हळदकुंकू वाहिलं. श्रीहरीनं ती वस्तू बाहेर काढली. कपाळाला कुंकू लावून करडा डबा औरादच्या घरात शिरला!

बाहेरच्या खोलीत जुना फुगीर टीव्ही होता. समोर दिवाणावर अप्पा, म्हणजे अच्युतराव, पंचांग घेऊन बसलेले. सगळी हयात तहसील कचेरीत गेल्यामुळे समोर काहीही घडलं तरी त्यावर निकाल द्यायची त्यांना सवय होती. त्यात आज एकादशी. अप्पा दूध आणि फळांवर होते, पाहुण्यांसाठी आत साबुदाण्याची खिचडी चालली होती.

प्रणेशनं कॅसेट काढून फुंकर मारली, ती काळ्या डब्यात बसवली आणि दोघे सतरंजीवर बसले. सुरुवात छान झाली. श्रीहरीनं संगीताची तारीफ केली, ढोल ऐकून मान डोलावली. माणसं मात्र लहान दिसतात, असं तो म्हणाला. प्रणेश हसला. करड्यातली माणसं मोठी असतील, पण चार गुंड एकदम आले की करडा डबा दम खातो आणि सगळे पाण्यात चालल्यासारखे चालतात, हे त्यानं मोठ्या अदबीनं सांगितलं. मग श्रीहरीही हसला. दोघांचे खांदे एकमेकांना लागले. प्रणेशला वाटलं, लग्न जमलं.

तेवढ्यात श्रीहरीच्या माणसानं कचऱ्याचं पिंप फोडलं, आतून भाजलेली अख्खी कोंबडी निघाली आणि त्यानं ती खाल्ली.

"ते काय उचललं त्यांनी?" अप्पांनी पंचांग खाली ठेवलं.

"शक्ती, अप्पा. शक्ती वाढते त्यानं."

"शक्तीला तंगड्या कामून हायत?"

प्रणेशनं तो फणस असल्याचं सांगून पाहिलं. पण पुढच्या पिंपात पुन्हा फणस निघाला आणि त्यालाही तंगड्या होत्या. अप्पांचा चेहरा बदलला. कोंबडी ती कोंबडी, त्यात कचऱ्यातली, हात न धुता, आणि एकादशीच्या दिवशी. माणसाचं खरं वळण असं कुणी बघत नसताना कळतं, असं ते भिंतीकडं बघून म्हणाले. बघत सगळेच होते. मालतीबाईंना ते फार लागलं. आपल्या घरात कांदालसूणसुद्धा येत नाही, ही कोंबडी तुमच्या डब्यातली आहे, आमच्या डब्यात असलं काही नसतं, असं त्यांनी ठणकावलं.

आता गप्प बसावं की नाही? प्रणेश गणिताचा मास्तर. दोन्ही डबे तपासून बघू, असं तो म्हणाला.

करडा डबा जोडला. रंग खरंच झकास, माणसं भिंतभर. पहिल्याच पिंपातून मांसाचा मोठा तुकडा निघाला. मालतीबाईंनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या पिंपातून केक निघाला तसे त्यांनी ते उघडले.

"केक आजकाल अंड्याशिवायचा मिळतो," त्या म्हणाल्या.

"गुंड लोक पिंपात अंड्याशिवायचा केक ठेवतील व्हय?" अप्पांनी विचारलं.

यावर बरीच चर्चा झाली. बेकरीचा विषय निघाला, मग सोलापूरच्या बेकरीचा. शेवटी प्रणेशला आठवलं की काळ्यात सफरचंदही निघतं. अप्पांनी लगेच निकाल दिला. पुन्हा काळा लावायचा, फळ चालेल, बाकी कशालाही हात लावायचा नाही. झालं! दोन बलदंड माणसं कोंबडीला वळसा घालून, उपाशीपोटी मार खात बाजारातून चालू लागली. अप्पा दिवाणाच्या कडेवर सरकले. मालतीबाई, 'डावीकडं बघ, सफरचंद असंल' असं सांगू लागल्या. श्रीहरीचा माणूस कोंबडीपासून हातभर अंतरावर कोसळला, तेव्हा अप्पांनी समाधानानं मान हलवली. "गेला, पण बाटला न्हाई," ते म्हणाले.

याच सुमारास सुकन्या खिचडीच्या बशा घेऊन बाहेर आली. तिनं पिवळी साडी नेसली होती, स्वतः इस्त्री करून. ती मधोमध उभी राहिली. अप्पा टीव्हीकडं बघत होते, मालतीबाई टीव्हीकडं बघत होत्या, प्रणेश तर वाकून आतच शिरायचा बाकी होता. श्रीहरी नजर न हलवता म्हणाला, "तिथंच ठेवा." तिनं ठेवल्या. क्षणभर थांबली आणि आत गेली. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम असा उरकला आणि मुलगी कुणीच बघितली नाही.

पुढं सगळंच फिसकटलं. काळ्या डब्याची एक खासियत आहे. त्यात आपला फटका जोडीदारालाही लागतो. करड्यात तसं नाही, तिथं जोडीदाराच्या अंगातून हात आरपार जातो. श्रीहरीला ती सवय. त्यानं गुंडावर लोखंडी नळी फिरवली आणि ती बसली प्रणेशच्या माणसाच्या टाळक्यात.

"सोयरीक व्हायच्या आधीच मेव्हण्याला हाणायलेत," अप्पा म्हणाले.

चुकून लागलं, असं श्रीहरी म्हणाला. प्रणेशनंही चुकूनच एक लगावली. मग श्रीहरीची चूक झाली, मग पुन्हा प्रणेशची. गुंड बाजूला उभे राहून बघू लागले. आमच्या डब्यात आपल्या माणसाला मारायची सोयच नाही, तशीच आमच्या घरातही नाही, असं मालतीबाई म्हणाल्या. तुमच्या घरात कोंबडी आहे, असं अप्पा म्हणाले. मालतीबाईंनी पर्स उचलली.

"ऊठ श्रीहरी. अंधार पडायच्या आत बीदर तरी गाठायचंय."

श्रीहरी उठला आणि आपल्या करड्या डब्याची वायर गुंडाळू लागला. तेव्हा कुठं प्रणेशची नजर बशांवर गेली. खिचडीला कुणी हात लावला नव्हता. बशा कुणी आणल्या हे त्याला आठवेना, आणि मग एकदम आठवलं. पाच मिनिटं! तिनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं.  त्यानं वर बघितलं तर सुकन्या दारात उभी होती.

ती सरळ आली, त्याच्या हातातला रिमोट घेतला आणि सतरंजीवर बसली.

"मारायचं बटण कुठलं?"

प्रणेशनं दाखवलं. उडीचंही दाखवायला गेला. "उडी नको," ती म्हणाली. मग श्रीहरीकडं न बघता दुसरा रिमोट पुढं सरकवला. श्रीहरीनं आईकडं बघितलं, रिमोटकडं बघितलं आणि बसला.

गेम सुरू झाला. सुकन्याच्या माणसानं खाली पडलेली लोखंडी नळी उचलली, गुंडांकडं पाठ केली आणि श्रीहरीच्या माणसाला हाणली.

"मी तुमच्याच बाजूचा आहे," श्रीहरी हळूच म्हणाला.

"माहीत हाय." आणखी एक बसली. "मघाशी म्हणलात, तिथंच ठेवा. कुणाला म्हणलात?"

श्रीहरीचे कान लाल झाले. कुणीतरी घरातलं असेल असं वाटलं, असं काहीसं तो पुटपुटला.

"मी सुकन्या."

तिसरी नळी बसली. श्रीहरीनं रिमोट खाली ठेवला. पडद्यावर त्याचा माणूस हात लोंबकळत ठेवून उभा राहिला आणि सुकन्या आणि गुंड मिळून त्याला बडवू लागले. श्रीहरीनं मान वळवली आणि पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. एवढा वेळ की अप्पांनी पंचांग उचलून चेहऱ्यासमोर धरलं, उलटं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

सुकन्याचा अंगठा थांबला. "माझी नोकरी ठाणाकुशनूरला हाय. रातीबेराती म्हैस अडली तर जावं लागतंय. नोकरी मी सोडणार न्हाई. तुमचं काय म्हणणं?"

अप्पा सवयीनं 'बघू' म्हणायला गेले. मालतीबाईंनी त्यांच्याकडं अशी नजर टाकली की तो शब्द आल्या वाटेनं परत गेला.

"मी घरूनच काम करतो," श्रीहरी म्हणाला. "बीदरात राहिलो तरी चालतंय. रात्री गाडी चालवायला सोबत लागली तर येत जाईन. म्हैस धरता येत न्हाई, तेवढं शिकवा."

 सुकन्यानं एक बशी उचलून त्याच्यासमोर ठेवली. खिचडी पार गार होऊन दगड झाली होती आणि त्यानं ती शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली. मालतीबाईंनी पर्स खाली ठेवली आणि चहाला उपास नसतो म्हणाल्या. सुकन्याच्या आईनं साखर वाटली. प्रणेशचे डोळे भरून आले होते, ते त्यानं कॅसेटची धूळ गेल्याचं सांगून पुसले.

निघताना मात्र त्याला राहवेना. काळा की करडा, एकदाच काय ते सांगून टाका, असं त्यानं श्रीहरीला अंगणात गाठून विचारलं.

"काळा," श्रीहरी म्हणाला. "करड्यात असतो तर ह्यांचा एकही फटका मला लागला नसता. मी आपला उजवीकडं चालत राहिलो असतो."

आयुष्यभराचा वाद जिंकला! प्रणेशनं अप्पांकडं बघितलं, आईकडं बघितलं, शेजारच्या गच्चीकडंही बघितलं. देण्याघेण्याचं काही मनात असेल तर आत्ताच सांगा, असं त्या भरात तो मोठ्या दिलदारपणानं म्हणाला. मालतीबाई काही नको म्हणाल्या, श्रीहरी काही नको म्हणाला.

"मला काळा डबा पाहिजे," सुकन्या म्हणाली. "सासरी लागंल."

लग्न थाटात झालं. काळा डबा चादरीसकट बीदरला गेला आणि श्रीहरीनं मोठ्या मनानं करडा प्रणेशला देऊन टाकला. आता रविवारी प्रणेश एकटाच त्या फुगीर टीव्हीसमोर बसतो. चार गुंड आले की डबा दम खातो. प्रणेशचं म्हणणं असं, की खरी गंमत त्यातच आहे, माणसाला विचार करायला वेळ मिळतो, आणि रंग तर बघा. औरादमध्ये असं म्हणणारा तो एकटाच आहे.