डाव्या ट्रेची पंगत

"गुलाबी बिया उजव्या ट्रेत, काळ्या डाव्या ट्रेत. पाणी दोघांना सारखं. बाकी काही करू नकोस, आई." होसकोटेला निघताना श्रीहर्षनं बजावलेलं कौशल्याबाईंच्या कानात अजून घुमत होतं.

पण एचएसआर लेआउटमधल्या बाल्कनीत कपाशीच्या बिया घेऊन बसल्यावर त्यांचा हात अडला. माती श्रीहर्षनं मुद्दाम रोगट शेतातून आणलेली. गुलाबी बियांना बुरशीवरचं गुलाबी औषध चोळलेलं, काळ्यांना काहीच नाही. म्हणजे शेजारीशेजारी दोन पानं मांडायची आणि तूप एकावरच वाढायचं! देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घोटभर पाणी न पिणाऱ्या बाईकडून असला पंक्तिप्रपंच व्हायचा नव्हता. डबीत औषध उरलेलं होतं. त्यांनी लेकाचे हातमोजे चढवले, काळ्या बिया औषधात नीट घोळवल्या आणि समाधानानं पेरल्या.

दहा दिवसांनी श्रीहर्ष परतला तेव्हा दोन्ही ट्रे हिरवेगार. त्याचा चेहरा मात्र उतरला. औषधाची ही त्याची पहिलीच चाचणी, आणि बोम्मसंद्र्याच्या ऑफिसातून त्याचे साहेब महांतेश ती बघायला दारात उभे.

"दोन्हीकडं सारखंच की रे," महांतेश म्हणाले. "मग तुझ्या औषधानं केलं काय?"

श्रीहर्षनं आधी मातीला दोष दिला, मग स्वतःला, आणि शेवटी औषधाचा नाद सोडतो म्हणाला. स्वयंपाकघरात कौशल्याबाईंच्या हातातला झारा थांबला. त्या बाहेर आल्या, तोवर महांतेश डाव्या ट्रेवर वाकले होते. एका रोपट्यानं उगवताना बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर आणलं होतं. गुलाबी.

"अक्का, ह्याला टोपी कुणी घातली?"

"मीच," त्या हळूच म्हणाल्या. "एका पंगतीत बसवल्यावर एकालाच कसं वाढायचं?"

श्रीहर्षनं कपाळाला हात लावला. महांतेश पोट धरून हसले, मग जवळ बसून समजुतीनं म्हणाले, "सरी, अक्का, बरोबर तुमचं. पण काळ्या बियांची रोपं मेलीच नाहीत, तर औषधानं काय वाचवलं ते शेतकऱ्याला दाखवायचं कसं?"

हे कौशल्याबाईंना पटलं. पुन्हा पेरायचं ठरलं. श्रीहर्ष ट्रे ऑफिसात नेणार होता, पण त्यांनी नेऊ दिले नाहीत. काळ्यांना नुसतं पाणी, असा शब्द त्यांनी दिला.

पुढच्या आठवड्यात डावीकडची रोपं एकेक करून माना टाकू लागली. सकाळी पूजा आटोपल्यावर सूनबाई हर्षितानं कॉफी पुढे केली.

"साखर नको गं, काही दिवस."

"का हो आई? डॉक्टर काही म्हणाले?"

"नाही. डावीकडच्यांना औषध नाही ना," त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या उचलून बाल्कनीकडे निघाल्या.