देवरे भाऊसाहेब आणि सुरगाण्याचा जुलै

माझ्या लग्नाच्या पंगतीत देवरे भाऊसाहेब माझ्या सासऱ्यांशेजारी बसले होते. सासरे प्राथमिक शाळेत मास्तर. ओळख झाली, पानात मीठ-लिंबू पडलं आणि भाऊसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "पहिली नेमणूक कोणत्या तारखेची?" मग बदल्या-रजांच्या तारखा विचारल्या, आणि जिलबी यायच्या आत बोटांची पेरं मोजून निकालही दिला. "एकतीस वर्षं, सात महिने, तीन दिवस. मधे अकरा दिवसांचा खंड दिसतोय, गुरुजी. क्षमापित करून घेतलात का?"

सासऱ्यांनी जिलबी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी घरात सत्यनारायण चालू असताना ते माळ्यावर चढून नेमणुकीचे कागद शोधत होते. सासूबाईंनी याबद्दल पुढे बरीच वर्षं मलाच बोल लावला.

भाऊसाहेब आमच्या नाशिकच्या कचेरीत आस्थापनेचे मुख्य लिपिक. खात्याचं नाव सांगत नाही, माझी पेन्शन चालू आहे. नव्वदनंतर दोन-तीन वर्षांनी मी तिथे टंकलेखक म्हणून लागले, आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी आलं. अंगात राखाडी सफारी, काखेत जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेलं पेन्शनच्या नियमांचं पुस्तक. ते पुस्तक लग्नालाही यायचं आणि मयतीलाही.

ज्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही त्यांना एक सांगायला हवं. तुम्ही किती वर्षं खुर्ची झिजवली याला तिथे फारसा अर्थ नसतो. त्यातली किती सरकार धरतं, ते महत्त्वाचं. दहा वर्षं धरली गेली नाहीत तर महिन्याची पेन्शनच नाही. आणि मधे विनापरवानगी गैरहजेरीचा खंड पडला की त्याच्या आधीची सगळी नोकरी बाद. वरच्या साहेबाने तो खंड माफ केला, म्हणजे त्यांच्या भाषेत क्षमापित केला, तरच सुटका.

भाऊसाहेबांनी अख्खं आयुष्य याच मापात बसवलं होतं. आमच्या शिपायाला मुलगी झाली. सगळे पेढे मागत होते, हे विचारत होते, "मध्यान्हपूर्व रुजू झाली की मध्यान्हनंतर?" एकदा माझं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालं. मी सरळ बोलणं टाकलं. तीन आठवड्यांनी माझ्या टेबलावर चहाचा ग्लास आला आणि मागून आवाज, "एकवीस दिवसांचा खंड झाला, ताई. क्षमापित करून टाका." आता यावर रागावून तरी काय करणार?

दर रविवारी सिडकोतल्या त्यांच्या घरी माणसं यायची. मास्तर, हवालदार, नर्सबाई, सगळे जुने कागद घेऊन. भाऊसाहेब फुकट सगळं बघून द्यायचे. कुणी मिठाई आणली तर पोचपावती न देता परत करायचे. दुसऱ्याच्या नोकरीतला एक दिवस जरी वाया गेलेला दिसला तरी त्यांना जेवण जात नसे. स्वतःच्या घरचं मात्र ते कधी बोलले नाहीत. बायको गेलेली, मूलबाळ नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. आम्हीही कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर सुचलंच नाही.

अशा माणसाकडे सोमाबाबा गावित आले. सुरगाण्याकडच्या आमच्या खात्याच्या विश्रामगृहाचे चौकीदार. काळा, काटक म्हातारा, खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून खालीच बसणारा. सहा महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. आधी बरीच वर्षं रोजंदारी केलेली, ती कुणी धरत नाही. मग अस्थायी नेमणूक, मग कायम. अस्थायी आणि कायम मिळून दहा वर्षं तीन महिने भरत होते. पण अस्थायी काळाचे हजेरीपट उपकार्यालयाच्या गळक्या छपराखाली भिजून लगदा झाले होते. पेन्शन मंजूर करणाऱ्या मुंबईच्या कार्यालयातून कागद परत आले, पुरावा द्या म्हणून.

"विश्रामगृहाची अभिप्रायवही आहे का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

ती होती. मुक्कामाला येणाऱ्या साहेबांनी शेरे लिहायची जाड, कुबट वासाची वही. आठवडाभर भाऊसाहेब त्यात नाक खुपसून बसले. "कोंबडी उत्तम. सोमाला शाबासकी." खाली साहेबाची सही, हुद्दा, तारीख. झाला फेब्रुवारी. "अंघोळीचे पाणी गार. चौकीदार सोमा यास तीनदा हाक मारावी लागली." हा शेरा वाचून भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. "शाबासकी कुणीही लिहितो, ताई. तक्रार करायला माणूस समोर असावा लागतो."

महिने भरत गेले. पण पहिल्याच वर्षीचा जून ते सप्टेंबर कोरा. पावसाळ्यात त्या डोंगरात कुठला साहेब जातोय? मुंबईचा नवा शेरा आला, की सदर इसम भातलावणीसाठी आपल्या शेतावर गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. म्हणजे खंड. म्हणजे त्याआधीचं बाद. उरली साडेनऊ वर्षं, आणि पेन्शन नाही.

सोमाबाबांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आमी कुठं गेलोच नाय, साहेब. बंगल्याचं छप्पर गळं. आमी गेलो तं बादल्या कोण लावील?"

भाऊसाहेब उठले. वही घेऊन घरी गेले आणि दोन दिवस कचेरीत आले नाहीत. रीतसर रजा टाकून, अर्थात. तिसऱ्या दिवशी आले आणि वही माझ्यापुढे उघडून ठेवली. दोन पानं दमटपणाने एकमेकांना चिकटली होती, ती त्यांनी वाफेवर धरून सोडवली होती. त्याच पहिल्या वर्षीचा जुलै. बाईचं गोल, थोडं थरथरतं अक्षर.

"इथे कोणी काही विचारले नाही. सोमाने पेज करून दिली, ती चांगली होती. बरे वाटले."

खाली सही मात्र माझ्या ओळखीची. स. द. देवरे, लिपिक. चार दिवस मुक्काम.

"ही तुमची सही," मी म्हटलं.

"हो. अक्षर तिचं." मग एखादा नियम समजावावा तसं त्यांनी सांगितलं. तिसऱ्यांदा मूल राहिलं नाही. शेजारपाजारचं रोज कुणीतरी येऊन विचारायचं, काय झालं, कसं झालं. ती बोलायची थांबली, जेवायची थांबली. जिथे कुणी येत नाही अशा ठिकाणी मला ने, म्हणाली. पावसाळ्यात कुठे कुणी येत नाही, हे आस्थापनेच्या कारकुनाइतकं कुणाला ठाऊक असणार?

"रजा संपलेली. सगळी दवाखान्यात गेलेली. हजेरीपटावर चार दिवसांच्या सह्या मी परत आल्यावर एकदम केल्या. हे टाइप करा, ताई. कबुलीजबाब. वही मूळ पाठवायची आहे, सोबत हे जोडायचं. नाहीतर मुंबई म्हणेल, हा देवरे तर त्या दिवशी नाशिकला हजर होता."

माझे हात मशीनवर थांबले. "भाऊसाहेब, चार दिवस विनापरवानगी. तुमच्या नोकरीत खंड पडेल. दोन वर्षं राहिलीत तुमची. वरच्यांनी माफ नाही केलं तर आधीची सगळी वर्षं..."

"नियम मला शिकवता?" ते म्हणाले. "मग त्याचा जुलै कुठून आणू मी? तो तिथे होता. मी डोळ्यांनी पाहिलाय."

मी टाइप केलं. रागारागाने केलं, दोन पानं फुकट घालवली. वही पाठवण्याआधी ते मला घेऊन सीबीएस बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. शिवणीकडची अक्षरं उमटेनात म्हणून त्यांनी तीनदा काढायला लावली. झेरॉक्सवाला वैतागला, "काका, दिसतंय की सगळं." भाऊसाहेब म्हणाले, "घरात तिच्या अक्षराचा दुसरा कागद नाही हो."

पुढचे चार महिने मला धड झोप नव्हती, ते मात्र रोज वेळेवर येऊन सही करत होते. शेवटी मुंबईने तो जुलै मान्य केला, आणि ऐन लावणीत माणूस बंगल्यावर होता म्हटल्यावर बाकीचे तीन महिनेही धरले. सोमाबाबांची दहा वर्षं धरली गेली. भाऊसाहेबांचा खंड वरच्या साहेबांनी सक्त ताकीद देऊन क्षमापित केला, चार दिवस बिनपगारी. ती ताकीद भाऊसाहेबांनी स्वतःच्या हाताने आपल्या सेवापुस्तकात नोंदवली, लाल शाईने.

सोमाबाबा आदेश न्यायला आले ते नागलीचं पीठ घेऊन. या वेळीही खालीच बसले. भाऊसाहेबांनी ड्रॉवरमधून ती झेरॉक्स काढली, खुर्चीवरून उठले आणि सफारीसकट त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. शेरा वाचून दाखवला.

सोमाबाबा कागदावर वाकले. "बाई लिवताना रडत होत्या. आमाला वाटलं, तक्रार लिवली. साहेब वाचतील नि काढून टाकतील म्हणून किती वरसं भ्यालो आमी." मग कागदावर बोट ठेवून, "पेज चांगली होती, आसं लिवलंय?"

"हो."

"बाई बऱ्या हायेत ना?"

"नाही आता ती. सहा वर्षं झाली."

सोमाबाबांनी काहीच विचारलं नाही. ‘काय झालं’ नाही, ‘कसं झालं’ नाही. पिठाची पिशवी जरा बाजूला सरकवली आणि भिंतीला टेकून तसेच बसून राहिले. आम्ही खाली माना घालून कागद चाळत होतो.

आणि भाऊसाहेब आपणहून बोलायला लागले. तिला मोगऱ्याचा वास सहन व्हायचा नाही इथपासून, ती शेवटी दवाखान्यात काय म्हणाली इथपर्यंत. सोमाबाबा मधूनमधून फक्त मान हलवत होते. साडेपाच वाजले, शिपायाने खिडक्या लावल्या. भाऊसाहेब बोलतच होते, आणि आमच्यापैकी कुणीही घरी जायला उठलं नाही.