सेतुअण्णाची रडकी लायन

सेतुअण्णा कुणाच्याही घरी गेला की माणसांआधी प्लगला भेटतो. चपला दारात, खिशातला मीटर हातात, वायरींची दोन्ही टोकं सॉकेटात. मुलगी पाहायला गेला तेव्हाही हेच. आकडा वाचून मुलीच्या वडिलांना म्हणाला, "मामा, दोनशे तीस व्होल्ट हवा, तुमच्याकडं एकशे ब्याऐंशीच येतोय." सोयरीक तिथंच विझली.

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत राहून तो सहा वर्षं विजेवर पीएच.डी. करतोय. विषय सोपा करून सांगते: कमजोर लायनीवरचा दाब कधी कोसळणार, हे कोसळण्याआधी ओळखायचं गणित. आमच्या गल्लीइतकी रडकी लायन तंजावरात दुसरी नाही, असं तो अभिमानानं सांगायचा. मला संताप यायचा. माझ्या अम्माची फुप्फुसं अधू. संध्याकाळी सातला घरोघरी मोटारी आणि मिक्सर सुरू झाले की तिचं ऑक्सिजनचं यंत्र केकाटून बंद पडायचं.

मी पत्रक काढलं. "हा अन्याय सहनशक्तीच्या पलीकडचा आहे!" अण्णानं वाचलं, चष्मा कपाळावर चढवला.

"चिडलीस, सरी. किती व्होल्ट?"

सरी म्हणजे आमच्याकडचं तमिळ 'बरं'. कॉफी पातळ झाली तरी त्याचं हेच. सरी, किती व्होल्ट?

वीजकचेरीतल्या साहेबानं माझ्या पत्रकाची न वाचताच घडी घातली आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली. खोटं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याबरोबर आला. त्यानं वर्षभराची वही टेबलावर ठेवली. दर संध्याकाळचा आकडा, प्रत्येक पानाखाली त्याची सही. साहेबाला पानं उलटावीच लागली. उन्हाळ्याआधी नवा ट्रान्सफॉर्मर बसला.

मी गल्लीभर साखर वाटली. अण्णाला म्हटलं, "आता प्रबंधात लिही, लोकलढ्याचा विजय."

"कुठला प्रबंध गे, गोदा? आणखी एक उन्हाळा मोजायचा होता. ही लायन आता कोसळतच नाही. मी ओळखू काय?"

"मग वही दिलीस कशाला? गप्प बसायचं होतंस की."

तो मीटरच्या वायरी गुंडाळत राहिला. "तुझ्या अम्माचं यंत्र माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचं."

आता तो नवी रडकी लायन शोधत बसनं ओरत्तनाडूकडं जातो. गणित पहिल्यापासून. तरी संध्याकाळी सातला आमच्याकडं हजर. अम्माच्या खाटेजवळच्या सॉकेटात टोकं घालतो आणि मोठ्यानं वाचतो, "दोनशे अठ्ठावीस, अम्मा." नाकातली नळी सावरत अम्मा म्हणते, "सरी." मग तो तिच्या पायथ्याशी बसून राहतो. हा आकडा त्याच्या कुठल्याच कामाचा नाही.

मी पत्रकांत आजवर निषेधच लिहिलाय. आभार लिहायची सवय नाही, आणि तोंडानं मानायला गेले तर तो विचारणार, किती व्होल्ट. म्हणून सातला पाच कमी असताना कॉफी करायला घेते. दाट.