भिकूमिस्त्रींची घडी

भिकूमिस्त्री पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी माझी खुर्ची उलटी केली. मी "बसा, बसा" म्हणत ती पुढे सरकवली होती. पण बसायचं सोडून त्यांनी तिच्या पाठीला एक बोट लावलं, जरा हलवून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि मला काही कळायच्या आत खुर्ची पाय वर करून ओटीवर पडली होती. माझी बायको चहा घेऊन बाहेर आली, तर पाहुणा जमिनीवर उकिडवा बसलेला आणि नवरा खुर्चीच्या पायांकडे तोंड वासून बघतो आहे.

"मास्तर, तुमची खुर्ची डुगडुगतीय," मिस्त्री म्हणाले. घरात कोणी आजारी असल्यासारखा आवाज लावला होता. "किती वर्सं बसताय हिच्यावर?"

"अकरा."

"अकरा वर्सं! आनि पोरांना शिकवताय?"

खुर्चीच्या पायाचा माझ्या शिकवण्याशी काय संबंध, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून पटाशी काढली, चहा निवायच्या आत एक पाय तासला, खुर्ची सुलटी केली आणि स्वतः चहा मात्र जमिनीवर बसूनच घेतला. त्या दिवसापासून मला त्या खुर्चीत डुलकी लागली नाही. अकरा वर्षं ती मला जोजवत होती, हे मला तेव्हा समजलं.

मिस्त्रींनी तीस वर्षं रेल्वेत सुतारकाम केलं होतं. अंगाने काटकुळे, खांद्यावर कायम एक पंचा, कानामागे पेन्सिलीचं थोटूक. जगातल्या सगळ्या गोष्टींसाठी त्यांच्याकडे दोनच शब्द होते. वाईट असेल ते 'डुगडुगतंय' आणि चांगलं असेल ते 'बसलं'. रेशनचा तांदूळ हातात घेऊन ते म्हणत, "डुगडुगतोय." आळीत कोणाची सोयरीक जुळत आली की म्हणत, "अजून डुगडुगतीय, घाई करू नका." एकदा भर बाजारात ते मोठ्याने म्हणाले, "सरकार डुगडुगतंय." मी सरकारी शाळेतला मास्तर, त्यामुळे मी चटकन समोरच्या दुकानातली वांगी निवडायला लागलो.

लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. कर्जत-खालापूरकडची बरीच माणसं पलटणीतून परत आली होती. काहींचे गिरणीतले खाडे कायमचे झाले होते. दिवसभर स्टेशनाबाहेरच्या पिंपळाखाली ही माणसं बसलेली असायची. गावातल्या चार मंडळींनी ठरवलं की यांना काहीतरी हातकाम शिकवायचं. भाताची एक रिकामी वखार मिळाली. शिकवायला मिस्त्री तयार झाले. अक्षर बरं म्हणून मला वर्गाचा चिटणीस केलं, म्हणजे जे काम कोणालाच नको ते माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी मी शेवटी द्यायच्या दाखल्यांचा मसुदा लिहून नेला. त्याला मी लाल शाईची चौकटसुद्धा काढली होती. मिस्त्रींनी तो कागद घेतला आणि त्यावर रंध्याचं पातं पुसलं.

"दाखला नको. पाट करू द्या. ज्यानं त्यानं आपल्या हातानं पाट करायचा आनि आपल्या मानसाला त्यावर जेवायला बसवायचं. मानूस पोटभर जेवून उठला, पाट डुगडुगला नाय, म्हंजी पोरगा पास."

पाटाची परीक्षा आमच्या शाळेच्या व्हरांड्यात व्हायची, कारण वखारीतली जमीन शेणाने सारवलेली होती आणि मिस्त्रींच्या मते तिच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. शाळेच्या व्हरांड्यात मात्र शहाबादी फरशी होती. "या गावात सरळ काय आसंल तर ही फरशी," असं ते मला ऐकवत. पाट फरशीवर ठेवायचा, वर काठोकाठ पाण्याचा पेला. मग मिस्त्री पाटाचा एकेक कोपरा बोटाने दाबत. थेंब सांडला की "पुन्हा." मधेच घाटाकडे जाणारी मालगाडी आली तर सगळे हात बांधून उभे राहत. "गाडीचं पाप पोराच्या माथी नको," असं त्यांचं म्हणणं होतं.

वर्गात पाच जण होते. त्यांतल्या चौघांची चिंता मला नव्हती. पाचवा धोंडू. खालापूरकडचा, पलटणीतून परत आलेला. त्याच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. तो गावी आला त्याच महिन्यात त्याचे सासरे गोमाजी सणाचं निमित्त करून मुलीला घेऊन गेले आणि मग तिला त्यांनी परत पाठवलंच नाही. मी चिटणीस या नात्याने त्यांच्या चौक गावी जाऊन त्यांना भेटलो. माणूस दुष्ट नव्हता, म्हणून तर मला भांडता येईना.

"मास्तर, जावई माजा चांगला हाय. पन एक हात नाय. उद्या पारू काय खाईल? तुमीच सांगा."

मी वर्गाबद्दल, पाटाबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याच्या हातचा पाट माज्यासाठी मांडा. त्यावर बसून जेवतो. मंग बोलू."

हे मी मिस्त्रींना येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यांच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं चिंधीने करकचून बांधलेली. मला वाटलं करवत लागली.

"हाताला काय झालं, मिस्त्री?"

"डुगडुगत व्हता. बांदून ठेवला."

आठ दिवस ते तसेच काम करत होते. दोनदा रंधा पायावर पाडून घेतला, एकदा पटाशी मांडीत शिरता शिरता राहिली, आणि दिवसभर तोंडाने जे चालू होतं ते चिटणिसाने टिपून ठेवण्यासारखं नव्हतं. नवव्या दिवशी त्यांनी चिंधी सोडली आणि धोंडूसमोर बसले. "आता बघ रं. फळी पायानं धरायची. करंगळी हितं. अंगठा हितं. जोर खांद्यातनं. मला जमलंय, तुला जमनार. सुताराला चार हात आसतात, तुजा एक थोडा कमी झाला एवडंच." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी उगाचच वखारीच्या दाराची कडी तपासायला गेलो, कारण डोळे भरून आले होते.

धोंडूचे पाच पाट मिस्त्रींनी नापास केले. तिसऱ्या पाटाच्या वेळी मी मध्यस्थी केली. म्हटलं, मिस्त्री, थेंबभरच तर सांडलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच चौथ्या पाटासाठी फळी शोधायला लागलो. सहावा पाट आंब्याच्या एका अखंड फळीचा. पेला ठेवला, चारही कोपरे दाबले. पाणी हललं नाही. मिस्त्रींनी आणखी एकदा दाबले. मग म्हणाले, "बसलं." धोंडू तिथेच फरशीवर बसला आणि डोकं गुडघ्यांत घालून रडला.

दुसऱ्या दिवशी जेवण होतं. आता मी काय केलं ते सांगतो. इतकी वर्षं ते सांगायची लाज वाटत आली आहे. चैत्रातली सकाळ. मी पाट मांडायला गेलो तर धोंडूच्या पाटावर हाताचे डाग, पेन्सिलीच्या रेघा. त्याच्यावर गोमाजी बसणार! आमच्या घरी पाहुणा येणार म्हटलं की पाट धुवायचे, ही रीत. मी तो विहिरीवर नेला, काथ्याने खसखसून घासला, दोन बादल्या पाणी ओतलं आणि भिंतीला उन्हात टेकवून ठेवला. दोन तासांनी पाट असा उजळला होता की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

व्हरांड्यात पत्रावळी मांडल्या. भात, वालाचं बिरडं, लोणचं. धोंडूने पाट मांडला, सासऱ्यांना हात जोडले. "बसा, मामा." गोमाजी बसले.

टक.

त्यांनी मांडी सारखी केली. पुन्हा टक.

वाढणारे जागीच थांबले. आंब्याची फळी ओली करून उन्हात ठेवली की पिळते, हे सुताराच्या वर्गाच्या चिटणिसाला सोडून बाकी सगळ्यांना माहीत होतं. धोंडूने पाटाकडे बघितलं नाही, स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं आणि तो हळूच पाठीमागे नेला. गोमाजींनी फरशीवर तळवा टेकला, उठायच्या बेताने. त्यांचाही चेहरा उतरला होता.

मिस्त्री पुढे झाले. आता हे 'डुगडुगतंय' म्हणणार, कारण त्यांनी आयुष्यात डुगडुगणाऱ्या वस्तूला दुसरं काही म्हटलंच नव्हतं. ते उकिडवे बसले. पाटाखालच्या पट्टीच्या कडेने बोट फिरवलं. बोटाला ओल लागली असावी, कारण त्यांनी एकदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या पंच्याची कड टर्रकन फाडली, तिची चारपदरी घडी केली आणि पट्टीखाली सरकवली.

"बसा, पाव्हनं," ते म्हणाले. "पाट सरळ हाय. जमीन वाकडी हाय."

शहाबादी फरशी! तिच्यावर त्यांनीच शेकडो पेले ठेवले होते. तेव्हा रुळावरून गाडीही जात नव्हती. शिकणारे पाचही जण माना खाली घालून उभे होते. गोमाजींनी एकदा फरशीकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींच्या फाटक्या पंच्याकडे पाहिलं, आणि सावकाश टेकले. आवाज आला नाही.

"बसलं," मिस्त्री म्हणाले.

"वाढा," गोमाजी म्हणाले.

ते पोटभर जेवले. भात तीनदा घेतला. हात धुऊन आल्यावर धोंडूला म्हणाले, "बुदवारी पारूला आनून सोडतो." आणि पायऱ्या उतरताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, "मास्तर, जमीन तेवडी नीट करून घ्या."

पारू बुधवारी आली. धोंडूने पुढे खालापुरात पाळणे, पाट, नांगराची जुवं करायला सुरुवात केली आणि अजूनही करतो आहे. धुतलेला पाट मिस्त्रींनी त्याच आठवड्यात सरळ करायला लावला, पण धोंडूला नाही, मला. मी त्यांच्या वर्गातला सहावा विद्यार्थी. माझे अकरा पाट नापास झाले. त्यानंतर मी मोजायचं सोडलं आणि मिस्त्रींनी दाबायचं.

पण हे सगळं नंतरचं. जेवणाच्याच दिवशी संध्याकाळी मी नदीपलीकडे दहिवलीला मिस्त्रींच्या घरी गेलो. अपराध कबूल करायचा होता. ते एकटेच राहत. चुलीवर आमटी उकळत होती.

"मिस्त्री, तो पाट मी धुतला."

"ठावं हाय. लाकडाला आंगोळ घालनारा मानूस पयल्यांदाच बघितला."

"पण तुम्ही खोटं बोललात. तुम्ही!"

"जेवून जा," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी दोन पाट मांडले. एक लखलखीत, पितळी फुलं ठोकलेला. दुसरा जुना, काळपट, एका बाजूला झिजलेला. मी संकोचाने जुन्यावर बसायला गेलो.

"तो नको. तो माजा."

तोवर मी अर्धा टेकलो होतो. टक! मी ताडकन उठलो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. अकरा वर्षांच्या खुर्चीचं उट्टं निघत होतं.

"मिस्त्री! तुमचा पाट डुगडुगतोय!"

"तुमच्या बसन्यानं घडी सरकली," ते म्हणाले आणि खाली वाकले. पट्टीखाली कापडाची एक घडी होती. कधीकाळी हिरवी असावी, लुगड्याच्या काठाची. आता तिचा रंग सांगता येत नव्हता.

"लगीन झालं तवा मी पयला पाट केला," मिस्त्री म्हणाले. "सासरा पयल्यांदा घरी आला, त्याला बसवला. टक. मला तर भुई फाटून आत जावं वाटलं. सुतार म्हनून पोरगी दिली व्हती ना त्यानं. तर हिनं काय केलं, लुगड्याचा काठ फाडला, घडी घातली, खाली सरकवली, आनि बापाला म्हनली, बाबा, पाट सरळ हाय, जमीन वाकडी हाय. आदल्या दिशी तिनंच सारवली व्हती. तसूभर बी उंचसखल नव्हती."

आमटी उतू जायला आली. त्यांनी ती उतरवून ठेवली.

"मग तुम्ही नीट का नाही केला? एक पट्टी तासायची. तुम्हाला चहा निवेपर्यंतचं काम."

"ती व्हती तवा करू द्यायची नाय. हसायची. आता तिला जाऊन एकवीस वर्सं झाली." त्यांनी पाटावरून हात फिरवला. "पाट सरळ केला तर घडी काडावी लागंल, मास्तर. ती तिच्या हातची हाय."

मग त्यांनी अंगठ्याने घडी पुन्हा आत दाबली, सावकाश पाटावर टेकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमटी घ्या वाढून, निवंल."