गोधडीखाली ठरलेला करार

येडगावात ठकूबाईंच्या ओसरीवर ऋषी सर झोपले, तेव्हा दुपार नुकतीच कलली होती आणि करारावर सही व्हायची राहिली होती.

झोपायला ते आले नव्हते. सामाजिक उद्योगांशी भागीदारी करून त्यांना वाढवायचं आणि टिकवायचं, हे पुण्यातल्या त्यांच्या संस्थेचं काम. ठकूबाईंचा गोधड्यांचा गट वाढेल का आणि वाढून टिकेल का, एवढं बघून सही करायची होती. गटाचं बरं चाललं होतं. नारायणगावचे कापडवाले पारसशेठ नवी साडी घेणाऱ्या बाईकडून एखादी जुनी, मऊ साडी मागून घेत. त्या साड्यांच्या येडगावच्या बाया गोधड्या शिवत आणि त्या गोधड्या पारसशेठच्याच दुकानात एका फळीवर विकल्या जात. आता फळी पुरेना. पुण्याची दुकानं हवी होती, आणि ती संस्थेच्या ओळखीची होती.

अडचण एकच होती. कराराच्या मसुद्यात संस्थेनं मशीन घातलं होतं. गोधड्या शेडमध्ये, मशीनवर आणि सगळ्या एका मापाच्या शिवायच्या.

"मशीनवर शिवली का ती चादर झाली," ठकूबाई सकाळपासून सुनेला ऐकवत होत्या. "आन त्या खडखडाटात बायांनी एकमेकींशी बोलायचं कसं? बोलायचं न्हाई तर गोधडी शिवायची कशाला?"

"आत्या, तुमी तोंडावर काय बोलू नका," हर्षाली म्हणाली. ती बीकॉम होती आणि लॅपटॉपवर वाढीचा आलेख उघडून बसली होती. "भागीदार हायेत ते. मी हळूच विषय काढते."

"काढ. पर जेवाण झाल्याव काढ. उपाशी माणसाच्या डोक्यात काय शिरत न्हाई."

चूक झाली ती इथे. जेवायला मासवडी होती, तर्रीदार रस्सा होता, बाजरीची भाकरी होती. करारावर सही करायला पारसशेठही आले होते. ते कांदा-लसूण खात नसल्यामुळे त्यांना वेगळं मुगाचं वरण होतं, म्हणून ते शुद्धीवर होते.

"ठकूबाई, सरांना आता वाढू नका," ते म्हणाले. "सही करायचीय त्यांना."

"सही हातानं करायचीय ना? पोटाचा काय संबंध?" असं म्हणून ठकूबाईंनी आणखी एक मासवडी वाढली.

हात धुऊन ऋषी सरांनी नमुना मागितला. ठकूबाईंनी ओसरीवर गोधडी अंथरली. सरांनी तिच्यावरून हात फिरवला. मग बसून पाहिलं. मग, जाडी नीट कळावी म्हणून, जरा आडवे झाले. धरणावरून वारा येत होता. कधी काळी कुणाच्या तरी अंगावर लग्नात झळकलेली जांभळी साडी त्यांच्या गालाखाली आली होती. उन्हाचा एक कवडसा त्यांच्या पोटावर येऊन बसला आणि त्यांच्या श्वासाबरोबर खालीवर होऊ लागला.

"बोला हर्षालीताई, ऐकतोय मी," ते म्हणाले.

हर्षाली दुसऱ्या आलेखापर्यंत पोचली आणि ओसरीवर घोरणं सुरू झालं.

"उठवा त्यांना," पारसशेठ कुजबुजले. "संध्याकाळी पुण्याला पोचायचंय त्यांना."

"जेवून झोपलेल्या पावण्याला उठवत्यात व्हय?" ठकूबाईही कुजबुजल्या. "या घरात जावयाला कोण उठवत न्हाई. त्याची एसटी गेली तरी चालंल."

तेव्हा घरातलं सगळं हळू झालं. बाया भिंतीला टेकून सुया खाली ठेवून बसल्या. ठकूबाईंचे यजमान रखमाजी पायांत वहाणा न घालता गल्लीत गेले, पाण्याची मोटर बंद करवून आले आणि आरवायच्या बेतात असलेला कोंबडा बगलेत घालून मागच्या दारी सोडून आले. इतक्यात मासवडीच्या वासानं एक माशी सरांच्या मिशीवर बसली. रखमाजींनी दुसरी गोधडी आणून सरांच्या पायांपासून डोक्यापर्यंत अलगद ओढली.

त्याच वेळी गल्लीतले गेणभाऊ ट्रॅक्टर घेऊन अंगणाकडे वळले. रखमाजींनी अंगणातूनच दोन्ही हात हलवले. ट्रॅक्टर बंद झाला. गेणभाऊंनी पाहिलं: ओसरीवर नखशिखांत झाकलेला माणूस, भिंतीशी मुक्या बसलेल्या बाया, डोक्याला हात लावलेले पारसशेठ. गेणभाऊ खाली उतरले, वहाणा बाहेर काढल्या आणि रखमाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"कधी झालं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"जेवल्याव," रखमाजी म्हणाले.

"तरास?"

"कसला तरास? बोलता बोलता डोळा लागला."

"भाग्यवान माणूस," गेणभाऊ म्हणाले आणि अंगणात मांडी घालून बसले.

गेणभाऊ बसलेले पाहून शेजारचे दोघं येऊन बसले. ते बसले म्हणून पलीकडच्या आळीतल्या बाया आल्या आणि डोक्यावर पदर घेऊन बसल्या. कोण, हे कुणी विचारलं नाही. अशा वेळी विचारत नाहीत. हर्षालीला सारं कळत होतं, पण सांगायचं तर मोठ्यानं बोलावं लागलं असतं. अंगण भरलं. पांढऱ्या टोप्यांवर ऊन पिवळं होत गेलं, सावल्या लांबल्या, आणि घोरण्याचा बारीक सूर कानी पडला तो मंडळींनी लांबच्या गिरणीचा समजून सोडून दिला. एकदोघांना तर त्या सुरानं बसल्या जागी डुलक्या लागल्या.

ऋषी सर उठून बसले ते एकदम. गोधडी डोक्यावरून खाली आली.

अंगणातून एक सामुदायिक श्वास आत गेला आणि बाहेर यायचा विसरला. गेणभाऊ उभे राहिले, मग खाली बसले आणि काय करावं हे न सुचून त्यांनी टाळी वाजवली. सुटकेची लाट आल्यासारखं सगळं अंगण टाळ्या वाजवू लागलं.

सरांनी समोर पाहिलं. सगळा गाव गंभीरपणे बसला होता आणि टाळ्या वाजवत होता. म्हणजे सभा झाली होती. सगळं बोलून झालं होतं आणि आपला मधेच कुठेतरी क्षणभर डोळा लागला असणार. ते लाजले आणि लाज लपवण्यासाठी त्यांनी चष्मा पुसला.

"फारच छान," ते म्हणाले. "विशेषतः तो बदकांचा मुद्दा."

"कोणत्या बदकांचा?" हर्षालीनं विचारलं. ठकूबाईंनी तिला चिमटा काढला.

"धरणातली बदकं! आपण नावेत होतो, गोधड्या पाण्यावर तरंगत होत्या..." सर थांबले. "म्हणजे, तुम्ही तसं वर्णन केलंत. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात एक बदक टाक्यांनी भरायचं, आपली ओळख म्हणून. तुम्हीच म्हणालात ना, ठकूबाई?"

दुसऱ्याच्या स्वप्नात बोलायची ठकूबाईंची ही पहिलीच वेळ. त्यांनी क्षणभर विचार केला.

"म्हनले आसंन," त्या म्हणाल्या.

"आणि ते..." सरांनी मसुदा हातात घेतला आणि आवाज उतरवला. "मशीनचं काय ठरलं आपलं?"

बायांनी ठकूबाईंकडे पाहिलं.

"हातानंच शिवायच्या असं ठरलं की," ठकूबाई शांतपणे म्हणाल्या. "हितंच, ओसरीव. जशी जमंल त्या मापाची."

"मी काय म्हणालो त्यावर?"

"तुमी मान डोलावली."

सरांनी पारसशेठकडे पाहिलं. पारसशेठ धर्मानं वागणारा माणूस. खोटं त्यांच्या तोंडून निघत नसे. त्यांनी जरा आठवून पाहिलं.

"मान हलत होती, सर," ते म्हणाले. "मी स्वतः पाहिलीय. चांगली वरखाली हलत होती."

"आमी समदे हितंच व्हतो," गेणभाऊ अंगणातून म्हणाले.

एवढ्या साक्षी असताना नाही म्हणायचं, तर झोपलो होतो हे कबूल करावं लागलं असतं. सरांनी पेन काढलं, मशीनवर आडवी रेघ मारली, समासात बदक लिहिलं आणि सही केली. पारसशेठनी सही केली. ठकूबाईंनी चष्मा मागवून, एकेक अक्षर बसवत सही केली. सर गाडीत बसताना ती नमुन्याची गोधडी बगलेत घेऊन गेले, कार्यालयात दाखवायला म्हणून. ती कुणी परत मागितली नाही.

गाडी धरणाच्या बाजूला दिसेनाशी झाली. हर्षाली आलेख मिटत होती, आणि बाया बदकाची चोच कशी वळवायची यावर एकदम बोलायला लागल्या होत्या. गेणभाऊ मात्र उठले नव्हते.

"रखमाजी," ते म्हणाले, "मंग मेलं कोण?"

रखमाजींनी ओसरीकडे बघितलं. "मशीन," ते म्हणाले.

गेणभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आलोच आहोत तर रीतीप्रमाणे आणखी थोडा वेळ गप्प बसले.