कोल्ड्रिंकची तालीम

"पप्पा, आज रात्रीपर्यंत ठरवायचंय. उद्यापासून भाव वाढतोय," श्रेयानं मोबाइल पुढं केला. कारभारी नुकतेच आंघोळ करून बाहेर आले होते. त्यांनी मोबाइलकडं पाहिलंच नाही. टॉवेल झटकत ते म्हणाले, "तुझ्या मम्मीला इचार."

"मी काय सांगणार? तुमचं तुम्ही ठरवा," सुरेखाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

श्रेया पुण्याला नोकरी करायची. आईवडिलांच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस म्हणून तिनं मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची दोन तिकिटं काढली होती. जेवण, खोली, नाचगाणी, सगळं तिकिटात होतं. कोल्ड्रिंक तेवढं नव्हतं. त्याचं पॅकेज आधी घेतलं की हवं तितकं प्यायचं, नाही घेतलं तर प्रत्येक गिलासाचं वेगळं बिल. दिवसाला पाच गिलास प्यायले तर ते परवडतं, असा तिचा हिशोब होता. शिवाय एका खोलीतल्या एकालाच घेतलेलं चालत नाही, दोघांनाही घ्यावं लागतं.

आता यात अवघड काही नव्हतं. कारभारींना दिवाळीत शुगर निघाली नसती तर.

ही गोष्ट घरच्या पुंडलिकनगरात फक्त त्यांना ठाऊक होती, आणि छावणी भागात राहणाऱ्या त्यांच्या मित्राला, गयासभाईंना. दोघांनी वाळूजच्या एकाच कंपनीत उमेदीची वर्षं घालवलेली. रक्त तपासायला गयासभाईच सोबत गेले होते. सुरेखाबाईंना मात्र कारभारींनी पत्ता लागू दिला नव्हता. मागं त्यांचं नुसतं बीपी वाढलं, तर सुरेखाबाईंनी नाशिकच्या लग्नाला जाणंच रद्द केलं होतं आणि घरात लोणच्याची बरणी दिसेनाशी झाली होती. शुगरचं कळलं असतं तर जहाज गेलंच म्हणून समजा. आणि सुरेखाबाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. "एकदा दाखवा हो," असं त्या लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या. पुढं म्हणायचंच सोडून दिलं.

बरं, पॅकेज नको म्हणावं, तर तेही अवघड. लग्नकार्यात नारंगी कोल्ड्रिंकच्या चार-चार बाटल्या रिचवणारा माणूस एकदम नको म्हणाला, तर बायकोला संशय येणारच.

"तुला हवं असंल तर घेऊ," कारभारी म्हणाले.

"मला कशाला? तुम्हालाच लई आवडतं. तुमच्यासाठी घेऊ."

"तुला बी ते काळं आवडतंच की."

"आवडतं ना. नाय कुठं म्हणले मी?" सुरेखाबाई जरा घाईनंच बोलल्या.

श्रेयाचा धीर सुटला. "तुमचं असंच चालायचं! जहाजावर जेवढं प्याल, तेवढं आज घरी पिऊन दाखवा. पाचपर्यंत गेलात तर घेऊ, नाहीतर नाही." आणि खरंच ती खाली जाऊन दुकानातून मोठ्या बाटल्या घेऊन आली. वडिलांना नारंगी, आईला काळं.

कारभारींनी मनाशी ठरवलं, एक गिलास हातात धरून बसायचं आणि पोट भरलं म्हणायचं. पण सुरेखाबाई गिलास घेऊन गॅलरीत गेल्या, वाळत घातलेले कपडे उलटेपालटे केले आणि रिकामा गिलास घेऊन परत आल्या.

"अहो, तुमचा तसाच? तब्येत बरी हाय ना?"

कारभारींनी घाईनं गिलास ओठांजवळ नेला. "बरी हाय की! चवीचवीनं पितोय."

ते उठून खिडकीत बसवलेल्या कूलरजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. सुरेखाबाईंची पाठ वळली, श्रेयानं मोबाइलमध्ये डोकं घातलं, तसा त्यांनी कूलरच्या पाणी भरायच्या फटीतून सगळा गिलास आत ओतला. कूलर घरघरत होता, कुणाला कळलं नाही. "घ्या, संपला!" म्हणत त्यांनी गिलास ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला.

वाटलं, सुटलो. पण गिलास परत भरून आला. सुरेखाबाईंनी दुसराही गॅलरीत उभ्या उभ्या संपवला. मग कारभारींना मागं राहून कसं चालेल? तिसऱ्याला सुरेखाबाई पापड पाहायला म्हणून गॅलरीत गेल्या. चौथ्याच्या वेळी कारभारींना बायकोचीच काळजी वाटू लागली. चहासुद्धा अर्धा कप पिणारी बाई, हिला झालंय तरी काय? तिकडं सुरेखाबाईही रिकाम्या नारंगी गिलासाकडं डोळे फाडून बघत होत्या.

"बस की आता," त्या म्हणाल्या.

"तू थांब, मग मी थांबतो."

"मी कशाला थांबू? मला काय झालंय?"

"मग मला तरी काय झालंय?"

पाचवा गिलास दोघांनीही संपवला. श्रेया खूश होऊन मोबाइलवर टकटक करत राहिली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आहेत का घरात?" गयासभाई आले होते. छावणीत भाचीची मंगनी होती. तिकडं जाण्याआधी ते डोकावले होते. अंगात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कुर्ता, अत्तराचा घमघमाट. उन्हानं हैराण झालेले गयासभाई थेट कूलरसमोर जाऊन बसले. नजर गेली ती कारभारींच्या हातातल्या सहाव्या गिलासावर.

"अरे कारभारी! पागल हुआ क्या? तुला तर डॉक्टरनं—"

कारभारींना असा काही ठसका लागला, की गयासभाई घाबरून त्यांची पाठ थोपटू लागले.

"डॉक्टरनं काय?" गॅलरीच्या दारातून सुरेखाबाईंचा आवाज एकदम धारदार झाला.

"डॉक्टरनं... थंड पिऊ नको म्हटलं होतं. घसा, भाभी. घसा खराब आहे त्याचा," गयासभाईंनी कसंबसं सावरलं.

"कोणता डॉक्टर? कवा गेला होता तुम्ही?"

कारभारी तोंड उघडणार, तोच कूलरनं एक गचका खाल्ला आणि गयासभाईंच्या अंगावर बारीक तुषार उडवले. मग आणखी एकदा. गयासभाईंनी गालाला हात लावला. बोटं एकमेकांना चिकटली. त्यांनी खाली पाहिलं. पांढऱ्या कुर्त्यावर छातीपासून पोटापर्यंत तपकिरी ठिपके उमटले होते. खिडकीच्या चौकटीवरून मुंग्यांची रांग लगबगीनं कूलरकडं निघाली होती.

"या अल्ला! हे काय आहे?"

श्रेयानं बटण बंद केलं आणि कूलरची बाजूची जाळी काढली. आत टाकीत काळंशार पाणी, वर फेस.

कारभारी वाकून बघायला गेले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काळं कसं काय? मी तर नारंगी ओतलं होतं!"

मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा गॅलरीच्या दाराकडं वळल्या. कूलरची मागची बाजू गॅलरीत उघडत होती, आणि तिथं सुरेखाबाई रिकामा गिलास पदराआड लपवत उभ्या होत्या.

"सुरेखा... तुला बी?"

"संक्रांतीपासून," त्या हळूच म्हणाल्या. "महिला मंडळाच्या शिबिरात कळलं. अन् तुम्हाला?"

"दिवाळीपासून."

"अन् मला सांगितलं नाय?"

"तू जहाज रद्द केलं असतं. तुला समुद्र बघायचा होता ना!"

सुरेखाबाईंचे डोळे भरून आले. "मी सांगितलं असतं तर तुम्ही मला नेलं असतं का? घरात निजवून ठेवलं असतं." मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "किती निघाली?"

कारभारींनी आकडा सांगितला.

"माझी तुमच्यापेक्षा कमी हाय," सुरेखाबाई जरा ताठ होऊन म्हणाल्या.

गयासभाई हसू लागले, तसे कारभारीही हसले. कित्येक महिन्यांचं छातीवरचं ओझं उतरलं होतं. "चला, एक बरं झालं," ते म्हणाले. "पॅकेजचा प्रश्न तर मिटला!"

श्रेया मात्र हसत नव्हती. ती भिंतीला टेकून उभी होती.

"पप्पा, तुमचे दोघांचे पाच-पाच गिलास झाले ना, तेव्हाच मी घेऊन टाकलं."

"मग वापस कर."

"वापस होत नाही."

कारभारींनी खालच्या आवाजात विचारलं, "त्यात पाणी तरी येतं का?"

"पाणी सगळ्यांना फुकटच असतं. पण पॅकेजमध्ये साधा सोडा मिळतो. बिनसाखरेचा."

सुरेखाबाईंनी पदर खोचला. लेकीच्या घामाचा पैसा वाया जाऊ देणारी ती बाई नव्हती.

"श्रेया, खाली जा अन् सोड्याच्या बाटल्या घेऊन ये," त्या म्हणाल्या. "अन् अहो, तुम्ही इकडं माझ्यासमोर बसा. आता घोट घोट मी मोजणार हाय."