रहीम मिस्त्रींची दोन बाकं

पेपरात एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी सरकारनं नवं विश्रामगृह बांधल्याची बातमी आली, की रहीम मिस्त्री त्या दिवशी कोणाच्याही सायकलीत हवा भरत नसत. पंक्चर काढत, चेन बसवून देत. हवा मात्र नाही. गिऱ्हाइकानं पंपाकडे बोट दाखवलं की म्हणत, "हवेसाठी सरकारकडं पैसा हाय ना! तिकडं जा. थंडीच भरून देतील."

मुलांनो, पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी चकितच झाले. तुमचे आजोबा कळंबच्या दवाखान्यात डॉक्टर होते आणि सायकलीवरून रोग्याकडे निघाले होते. मी रागावले तेव्हा मिस्त्रींनी पंप हातात घेतला, पण हवा भरता भरता मला ऐकवलंच, "पहाडावर चढणाऱ्यायले खुर्च्या, अन् आमच्या पायऱ्या चढणाऱ्यायले भुई. हा कुठला इन्साफ, बाई?"

कळंबच्या चिंतामणीचं देऊळ खोलात आहे. पायऱ्या उतरून दर्शन घ्यायचं आणि धापा टाकत वर यायचं. वर बसायला काही नव्हतं. लांबून आलेल्या म्हाताऱ्या जमिनीवर टेकत आणि मग त्यांना उठवत नसे. मिस्त्रींचं दुकान समोरच. हातातला पाना टाकून ते त्यांना उठवायला धावत. त्यांचं मागणं एवढंच, की प्रवाशांच्या सोयीसाठी सरकार जो पैसा वाटतं त्यातून कळंबला दोन बाकं मिळावीत.

"देऊळ गणपतीचं, तू कायले झिजून राह्यला?" असं कोणी चिडवलं की ते म्हणत, "पाय तं सगळ्यायचेच दुखते ना बे!"

मला इंग्रजी येतं हे कळल्यापासून ते दर रविवारी आमच्या ओट्यावर येत. ते सांगत, "लिवा, तुमाले लाज वाटत नाही काय?" मी लिहीत असे, आपल्या कृपादृष्टीची अपेक्षा आहे. "तेच लिवलं ना?" "अगदी तेच." प्रत्येक अर्जाची कार्बन-प्रत मी फायलीला लावत असे. तीन वर्षांत फाईल चांगली जाड झाली.

आणि एक दिवस उत्तर आलं! पाकिटावर दोन-तीन गावांचे शिक्के होते. आत लिहिलं होतं, कळंब येथे दोन बाके बसविण्यात आली आहेत. मिस्त्री धावत देवळाकडे गेले. बाकं नाहीत. देवळामागे पाहिलं, झाडाखाली पाहिलं. पुजाऱ्याला विचारलं, "महाराज, बाकं कुठं लपोले?" पुजारी बिचारे गाभाऱ्यातही बघून आले.

उलगडा तहसिलीतल्या कारकुनानं केला. बाकं कळंबलाच बसली होती, पण उस्मानाबाद जिल्ह्यातल्या कळंबला! नागपूर राजधानी होती तोवर आमच्या राज्यात कळंब एकच होतं. छप्पन साली आम्ही मुंबई राज्यात गेलो, मराठवाडाही आला, आणि एका राज्यात दोन कळंब झाले.

मिस्त्रींनी दुकान बंद केलं आणि खांद्यावर दोरखंड घेऊन निघाले. "बांधूनच आणतो."

पाचव्या दिवशी परतले, रिकाम्या हातांनी.

"बाकं?" मी विचारलं.

"हायेत. लय मजबूत हायेत. मोटारस्टँडवर ठेवले."

"मग?"

"एक बुढी बसली होती त्याच्यावर. मले म्हने, बस की बाबा, उभा का? आमाला आजवर कुणी काय दिलं न्हाई, सरकारनं हे धाडलंय." मिस्त्रींनी दोरखंड खाली ठेवला. "तिले काय म्हनू, बाई? ऊठ म्हनू?"

"मग तुम्ही केलंत काय?"

"बसलो."

मी संतापले. "मिस्त्री, ज्यानं ही चूक केली त्याला नोकरीवरून काढलं पाहिजे! आजच तक्रार लिहिते."

मिस्त्री एकदम घाबरले. "नोको, बाई. राहू द्या. मानसाच्या हातून होते."

अख्ख्या सरकारला धारेवर धरणारा हा माणूस, आणि एका कारकुनाला माफ करतो? मला काही समजेना. ते गेल्यावर तक्रारीसाठी मी फाईल उघडली. वरच्या अर्जावर माझ्या वळणदार अक्षरात पत्ता होता: रहीम मिस्त्री, कळंब. पुढे काही नाही. खालचा अर्ज पाहिला, त्याखालचा पाहिला. नागपूरच्या दिवसांतल्या सवयीनं मी तीन वर्षांत एकदाही जिल्हा लिहिला नव्हता. मी फाईल मिटली. तिकडच्या कळंबच्या कचेरीत मिस्त्रींना माझा अर्ज दाखवला असेल का?

रविवारी मिस्त्री नेहमीच्या वेळेला आले. कबूल करायचं असं मी ठरवलं होतं, पण आधी पेनात शाईच भरत बसले. त्यांनी स्वतःच कागदाखाली कार्बन सरकवला आणि माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "लिवा, बाई. कळंब. जिल्ला यवतमाळ."

आणि मग घाईघाईनं, "म्हंजे कसं, तिकडल्या कारकुनायले काही समजत नाही ना."